नगराध्यक्षांचे आठ सदरे

केळवड्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे पंप सहा महिने बंद होते आणि साऱ्या गावाची घाण सरळ नदीत जात होती. घाटावर कपडे धुणाऱ्या हौसाक्का परटिणीने तीनदा तक्रार केली. तेव्हा नगराध्यक्ष धैर्यशीलराव सभेत गरजले, "केंद्र चालू आहे, नदी आरशासारखी आहे. ज्यांना घाण दिसते त्यांनी डोळे तपासून घ्यावेत!"

हौसाक्काने ते ऐकलं आणि घाटाची वाट धरली.

चार दिवसांनी गावात मंत्री येणार होते. त्या सकाळी हौसाक्काने आणून दिलेला सदरा अध्यक्षांनी उलगडला, तर तो काळाकुट्ट, वर नाक धरावं असा वास! कार्यकर्त्यांसमोरच ते ओरडले, "हौसाक्का, हा कुठल्या गटारात बुचकळलास?"

"गटार कसलं, साहेब? आपली नदीच की ती! इतके दिवस माझेच डोळे खराब, म्हणून तुमचे कपडे लांबच्या विहिरीवर नेऊन धूत होते. आता तुम्ही भर सभेत सांगितलंत, मग तुमच्या शब्दाबाहेर कशी जाऊ?"

कार्यकर्त्यांनी हसू लपवायला उपरणी तोंडाला लावली.

"बरं बरं," अध्यक्ष पुटपुटले, "दुसरा आण."

"बाकीचे सातही नदीतच भिजत घातलेत. तुम्ही पंप चालू करा, पाणी निवळलं की लगेच पिळून आणते."