आईसाहेबांना उघडं, राणीसाहेबांना बंद

"दार उघडं राहील!" आईसाहेब म्हणाल्या.

"दार बंद राहील!" राणीसाहेब म्हणाल्या.

आणि सोनवडीचे राजे मानाजीराव, ज्यांनी म्हणे लढाईत शत्रूचा हत्ती नुसत्या डोळ्यांच्या धाकाने मागे हटवला होता (हे तेच सांगत), दोघींच्या मधल्या उंबऱ्यावर अंग चोरून उभे राहिले.

भांडण राजाच्या निजायच्या खोलीचं होतं. लग्न नवं होतं. आईसाहेबांचं म्हणणं, लेकाने आईच्या तोंडावर दार लावलेलं या वाड्यात चालायचं नाही. राणीसाहेबांचं म्हणणं, कडी लागणार नसेल तर मी ही निघाले माहेरी! कुणा एकीला तरी नाही म्हणणं भाग होतं. महाराजांनी खूप विचार केला आणि अशा वेळी मोठी माणसं करतात तेच केलं. दुसऱ्याला कामाला लावलं.

"धोंडबा," ते वाड्याच्या सुताराला म्हणाले, "या खोलीला असं दार कर, जे एकाच वेळी उघडंही असेल आणि बंदही! पाडव्याच्या आत. नाही जमलं तर हत्यारं इथे ठेवायची आणि बिऱ्हाड घेऊन राज्याबाहेर चालू पडायचं!"

"पण महाराज, असं दार..."

"सुतार तू आहेस की मी?"

बिचारा धोंडबा घरी आला आणि सगळं सांगून मटकन बसला. त्याची बायको सगुणाबाई मोठी तयारीची बाई. तिने डोळे पुसले आणि लगेच भांडी बांधायला घेतली.

आता या सुताराच्या घराची गंमत ऐका. साऱ्या गावाला दारं करून देणाऱ्या धोंडबाच्या घरात आतल्या खोलीला दारच नव्हतं! लेक-सुनेच्या खोलीवर एक गोणपाट टांगलेलं होतं आणि सगुणाबाई मनात येईल तेव्हा ते वर करून आत डोकवायची. कधी मीठ शोधायला, कधी मांजर शोधायला. मीठ तिथे कधीच नसायचं.

ते गोणपाट बाजूला सारून सून येसू बाहेर आली.

"मामंजी, त्या दोघींना दार उघडं कशाला हवंय, बंद कशाला हवंय, हे कुणी विचारलं का?"

"अगं, वाड्यात प्रश्न महाराज विचारतात! आपण नाही!"

"मग मी विचारते. उद्या मापाची दोरी धरायला मला न्या."

दुसऱ्या दिवशी येसूने दोरी धरली आणि नजर चौफेर फिरवली. आईसाहेब चौकापलीकडे, खोलीच्या अगदी समोर, जमिनीवर सतरंजी टाकून जप करत बसल्या होत्या. राणीसाहेब आत उंच पलंगावर तोंड फुगवून बसल्या होत्या.

"आईसाहेब, दार उघडंच का हवं?"

"लेक घरात आहे की नाही, एवढं तरी आईला कळायला नको?"

येसू आत गेली. "राणीसाहेब, बंदच का हवं?"

"वेणी घालायला बसलं तरी समोरून दोन डोळे रोखलेलेच! माणसाने श्वास घ्यायचा तरी कसा?"

येसू हसली आणि सासऱ्याच्या कानात काहीतरी बोलली. धोंडबाची करवत जोरात चालू लागली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दार उभं राहिलं. ते बघायला सगुणाबाईही वाड्यावर आली. दोन सुरेख फळ्या, आतून पितळी कडी. पण फळ्या सुरू होत होत्या गुडघ्यापासून आणि संपत होत्या डोक्याच्या जरा वर. खाली मोकळं, वरही मोकळं! महाराज बघतच राहिले.

"धोंडबा, लाकूड कमी पडलं काय रे?"

"महाराज, आत जाऊन कडी तर लावा!" येसू म्हणाली.

आईसाहेब चौकात सतरंजीवरच राहिल्या, बाकी सगळे आत गेले. कडी लागली. महाराजांनी धीर करून हाक मारली, "आईसाहेब, दार कसं आहे?"

चौकातून आवाज आला, "उघडं आहे! मला तुझे पाय दिसतायत. अंगठ्याला काय लागलंय रे? हळद लाव!"

"आणि राणीसाहेब, तुम्हाला?"

राणीसाहेब पलंगावर ऐसपैस टेकून म्हणाल्या, "बंद आहे! मला आईंचं तोंड दिसत नाही. वारासुद्धा छान येतोय!"

महाराजांचा जीव भांड्यात पडला. पण राजाच तो, खोडी काढल्याशिवाय राहतो कसला?

"ए पोरी, आता खरं सांग. दार उघडं आहे की बंद?"

"महाराज, ते घरातल्या बायकांना विचारावं. आणि दोघींना एकाच वेळी तर मुळीच विचारू नये!"

महाराज खो खो हसले. "माग, काय हवं ते माग!"

"असंच एक दार आमच्या खोलीला बसवायचा हुकूम द्या."

"हुकूम कशाला? तुझा सासराच सुतार आहे!"

"सुतार मामंजी आहेत, महाराज. पण घर सासूबाईंचं आहे!"

महाराजांनी चौकाकडे एकवार चोरून पाहिलं आणि म्हणाले, "समजलं, पोरी. फार चांगलं समजलं!" त्यांनी तिथेच येसूला सोन्याच्या पाटल्या दिल्या, वाड्यातलं सागवान दिलं आणि हुकूम काढला की राज्यातल्या ज्या सुनेला असं दार हवं असेल तिला ते मिळालंच पाहिजे. तेव्हापासून सोनवडीत घरोघरी हीच दारं आहेत. लोक म्हणतात, वाऱ्यासाठी. म्हणोत बापडे!

सगुणाबाई मात्र त्या दिवशी तिथेच कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. ती पदर सावरत पुढे आली.

"हुकूम मान्य आहे, महाराज! पण आमचं दार खालून चार बोटं जास्त उघडं ठेवायला सांगा. माझी नजर हल्ली अधू झालीय!"

आता महाराजांना हसू आवरेना. ते पोट धरून, पाय आपटत हसू लागले. तेवढ्यात चौकातून आवाज आला, "मानाजी! हसायचं तेवढं हस, पण तो दुखरा पाय आपटू नकोस! मला दिसतंय!"