दोन लाद्यांमधलं कासव

एका गावात धान्यापेक्षा दगड जास्त निघत असे. तिथल्या जमिनीखाली फरशीचा दगड होता, पोळीच्या पदरांसारखा थरावर थर. खाणीत माणसे जोडीने काम करत. एक जण थराच्या कडेवर टाकी मारत जाई, दुसरा त्या फटीत पहार घालून वरचा थर उचले. दगड उघडला की खालची लादी टाकी मारणाऱ्याची आणि वरची पहार लावणाऱ्याची, अशी तिथली रीत होती. ती कुणी घातली हे कुणाला ठाऊक नव्हते, पण तिच्यावरून कधी भांडण झाले नव्हते.

या खाणीत दोन व्याही एका जोडीत काम करत. गाव त्यांना टाकीवाले आणि पहारवाले म्हणे. टाकीवाल्यांची मुलगी येसू पहारवाल्यांच्या घरी दिली होती. येसूला दिवस गेले होते आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे ठरले होते.

टाकीवाले कामात चोख. त्यांच्या हातून गेलेल्या फरशीवर खडा राहत नसे, उंचवटा राहत नसे. "दगडात जे नको ते काढलं की हवं ते उरतं," असे ते म्हणत. पहारवाले अंगाने दांडगे, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारे.

एके दिवशी त्यांनी एक थर उघडला तर आत एक प्राणी निघाला. मांस, कातडे काही नव्हते. हाडांचाही दगड झाला होता. सगळे चिखलाने माखलेले होते, त्यामुळे नीट दिसत नव्हते. रीतीप्रमाणे खालची लादी टाकीवाल्यांच्या अंगणात गेली, वरची पहारवाल्यांच्या. दोन्ही घरे गावाच्या दोन टोकांना होती.

घरी नेल्यावर दोन्ही लाद्या धुतल्या गेल्या. टाकीवाल्यांच्या लादीवर प्राण्याचे पोट होते. पोटावर हाडांच्या पट्ट्या एकमेकींत घट्ट बसलेल्या, थेट कासवाच्या पोटासारख्या.

गावात तेव्हा नवे देऊळ बांधून होत आले होते. फरशी बसली होती, फक्त गाभाऱ्यासमोर कासवाची जागा रिकामी होती. गुरवांनी टाकीवाल्यांची लादी पाहिली आणि हात जोडले. "घडवायची गरजच राहिली नाही. देवाने आयतं कासव धाडलंय."

टाकीवाल्यांना रात्रभर आनंदाने झोप लागली नाही. जन्मभर लोकांच्या पायाखालच्या फरश्या घडवल्या; आता आपल्या दगडापुढे गाव वाकणार होते.

सकाळी पहारवाले हसत आले. "व्याही, देवळात घोरपड बसवताय म्हणे?"

"घोरपड कसली? कासव आहे."

"माझ्याकडे पाठ आहे त्याची. या, बघा. बरगड्या पसरलेल्या, शेपूट हातभर आणि कवचाचा पत्ता नाही. उघड्या पाठीचं कासव तुमच्या आजोबांनी तरी पाहिलं होतं का?"

"मग तुमची घोरपड माझ्या कासवाच्या पाठीवर येऊन मेली असेल," टाकीवाले म्हणाले. "तुमच्या घरच्यांना दुसऱ्याच्या पाठीवर बसायची सवयच आहे."

हे ते थट्टेत म्हणाले. पण लग्नात पहारवाल्यांनी मानपानासाठी थोडी अडवणूक केली होती, त्यामुळे बोलणे वर्मी लागले. ते तसेच वळले आणि घरी जाऊन सुनेला म्हणाले, "तुझे वडील ते कासव नाही असं चार लोकांत कबूल करेपर्यंत माहेरचा उंबरा चढायचा नाही."

"मामंजी, आणि बाळंतपण?"

"इथे काय कमी आहे?"

येसूचा नवरा वडिलांसमोर मान डोलावत असे आणि तिच्यासमोरही. त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता.

इकडे टाकीवाल्यांनीही बोलून दाखवले, "मुलीला पाठवू नका. पण कासव ते कासवच."

गुरव पेचात पडले. चुकीचा प्राणी गाभाऱ्यासमोर बसवायचा कसा? तालुक्याला एक बाई होत्या, त्या दगड झालेली हाडे अभ्यासत खाणी-खाणींतून फिरत. गुरवांनी त्यांना निरोप धाडला. दोन्ही लाद्या देवळाच्या अंगणात आणायच्या, बाई सांगतील ते मानायचे, असे ठरले.

बाई यायच्या आदल्या दिवशी टाकीवाले लादी शेवटची साफ करायला बसले. डोक्याच्या भागात चिखल अजून चिकटलेला होता. तो काडीने कोरता कोरता त्यांना जबड्याच्या कडेला बारीक टोके लागली. तांदळाच्या कणीएवढी, एका ओळीत. ते दात होते.

टाकीवाल्यांचा हात थांबला. कासवाला दात नसतात. घोरपडीला असतात.

त्यांची बायको दारात धान्य पाखडत होती. ती म्हणाली, "काय झालं हो?"

"काही नाही. दगडाला खर आलीय जरा, खरखरीत लागतंय."

ती उठून बघायला आली. "खर कसली? दात दिसतात. राहू द्या ना, ज्याने घातलेत त्याला ठाऊक."

"कासवाला दात? उद्या लोकांसमोर हसं करून घेऊ?"

"पण आहेत ना ते तिथे?"

टाकीवाल्यांनी सर्वांत बारीक टाकी घेतली. आयुष्यभर ते हेच करत आले होते. जे नको ते काढले की हवे ते उरते. भाजीला फोडणी पडेपर्यंत जबड्याची कड गुळगुळीत झाली आणि ती कणी केरसुणीने अंगणाबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या अंगणात गाव जमले. येसूही सासूबरोबर आली होती, एका हाताने कंबर धरून. वडिलांनी तिच्याकडे पाहिले आणि मान फिरवली.

बाईंनी खालची लादी बराच वेळ पाहिली. "पोट कासवाचं आहे," त्या म्हणाल्या. टाकीवाल्यांनी मिशीवर हात फिरवला.

मग त्यांनी वरची लादी पाहिली. "पाठीवर कवच नाही. नुसत्या बरगड्या आहेत, पण चांगल्याच रुंद."

"म्हणजे घोरपड!" पहारवाले म्हणाले.

"तसं म्हणता येत नाही. आधी मला सांगा, हा प्राणी एक आहे की दोन?"

"दोन," टाकीवाले म्हणाले. "कासव खाली, घोरपड वर."

"दोनच," पहारवाले म्हणाले. "यांचं कासव माझ्या घोरपडीच्या पोटाखाली चिरडलेलं." दोघांचे इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकमत झाले म्हणून लोक हसले.

बाई दोन लाद्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या, कधी इकडे बघत, कधी तिकडे. तेव्हा येसू बोलली. आजच्या आधी, धुतल्यानंतर दोन्ही लाद्या नीट पाहिलेली गावात ती एकटीच होती. सासरची तिने स्वतः धुतली होती, आणि बंदी व्हायच्या आधी वडिलांकडची पाहून आली होती.

"आबा, जोत्याचा दगड दगडावर नीट बसतो का ते तुम्ही कसं बघता?"

"काव लावून," टाकीवाले म्हणाले. "खालच्याला ओली काव फासायची, वरचा ठेवायचा, उचलायचा. जिथे टेकला तिथे लाल होतो."

"मग तसंच बघा की. एकच प्राणी असेल तर हाडाला हाड लागेल."

टाकीवाल्यांना तासलेला जबडा आठवला. पण नाही म्हणायला कारण सापडेना. गुरवांनी काव कालवून आणली. खालच्या लादीवर पातळ हात फिरवला. वरची लादी एकट्याला पेलणारी नव्हती, म्हणून दोन्ही व्याह्यांना ती दोन बाजूंनी धरावी लागली. खाणीत धरत तशीच.

"सावकाश," पहारवाले सवयीने म्हणाले.

"तुमची बाजू झुकतेय," टाकीवालेही सवयीनेच म्हणाले.

लादी ठेवली आणि उचलून उताणी केली. ती सगळीकडे लाल झाली होती. प्रत्येक बरगडीच्या टोकाला पोटाच्या पट्टीचे टोक मिळाले होते. प्राणी एकच होता.

फक्त एका जागी लाल नव्हते. जबड्यापाशी टाचणीने टोचल्यासारख्या खळग्यांची ओळ होती आणि ते सगळे खळगे कोरडे होते.

येसू खाली वाकू शकत नव्हती, तिने बोट दाखवले. "हे टोचे मला धुताना लागले होते. किड्याने खाल्लंय असं वाटलं. यात काहीतरी बसत असणार."

गुरवांनी खालच्या लादीवरून काव पुसली. तिथे दगडाचा रंग ताजा होता. त्या गावात टाकीची खूण ओळखायला कुणाला शिकवावे लागत नसे. पहारवाल्यांनी तोंड उघडले, पण सुनेचा चेहरा पाहून पुन्हा मिटले.

"आबा, काय होतं तिथे?"

"दात," टाकीवाले म्हणाले.

"का काढलेत?"

"कासवाला दात नसतात म्हणून."

बाई पायरीवर बसल्या. त्या चिडल्या नाहीत, पण त्यांचा आवाज उतरला. "आजच्या कासवाला नसतात. हे फार जुनं आहे, वीस कोटी वर्षांच्याही आधीचं. तेव्हा इथे पाणी होतं, आणि शिकारी बहुधा खालून यायचे. त्या पाण्यात ज्यांचं पोट थोडं जास्त झाकलेलं, ती थोडी जास्त जगली, त्यांची पिलं जास्त जगली. असं पिढ्यान्‌पिढ्या होत पोट आधी झाकलं गेलं. पाठ नंतर. कासवाचं कवच वरून घातलेल्या टोपल्यासारखं नसतं. त्याच्या बरगड्याच रुंद होत होत कवचात मिसळल्या. इथे त्या रुंद झाल्यात, कवच अजून व्हायचंय. आणि दात जायचे होते, ते अजून गेले नव्हते."

"म्हणजे हे अर्धवट कासव?" पहारवाल्यांनी विचारले.

"अर्धवट आपल्याला दिसतं. ते आपल्या जागी पुरतं होतं. पोहत होतं, खात होतं, अंडी घालत होतं. पुढे पाठ झाकली जाणार आहे हे त्याला कुठे माहीत?" त्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "उघडी पाठ, झाकलेलं पोट आणि दात, तिन्ही एकत्र असल्यानेच कळतं की कासव एका दिवसात कासव झालं नाही. यातला दात हा पुरावा गेला."

टाकीवाले खाली बसले.

तेव्हा पहारवाल्यांनी गुरवांकडे मूर्तीसाठी आणलेली शाडू मागितली. तिचा गोळा मळला, आपल्या लादीतल्या त्या खळग्यांवर दाबला आणि हलकेच सोडवला. गोळ्यावर बारीक दातांची ओळ उठली होती.

त्यांनी तो गोळा टाकीवाल्यांच्या हातात दिला. "घ्या व्याही. तुमचे दात माझ्या घरी राहिले होते."

लोक हसले. टाकीवाले हसले नाहीत. त्यांनी तो गोळा दोन्ही हातांनी धरला.

बाईंनी तो निरखून पाहिला. "आकार मिळाला, हे पुष्कळ झालं. पण खरे दात असते तर आतून कसे होते, काय खाऊन झिजले होते, हेही कळलं असतं. ते आता कळणार नाही."

त्या लाद्या गाभाऱ्यासमोर बसल्या नाहीत. देवळाच्या अंगणात, पडवीच्या भिंतीला, पुस्तक उघडावे तशा शेजारी शेजारी लावल्या, पोट डावीकडे आणि पाठ उजवीकडे. गाभाऱ्यासमोरचे कासव घडवायचे काम टाकीवाल्यांना मिळाले असते, पण त्यांनी ते दुसऱ्या पाथरवटाला द्यायला सांगितले.

भिंतीत लाद्या बसवताना गुरव म्हणाले, "जबड्यापाशी टाकीचे घाव फार उठून दिसतात. घासून एकसारखं करून घेता का?"

"नको," टाकीवाले म्हणाले. "ते तसंच राहू द्या."

त्यांनी दगडावरचा उंचसखलपणा तसाच ठेवायला सांगितल्याचे गावाने पहिल्यांदाच ऐकले.

येसू माहेरी गेली. पहारवाल्यांनीच गाडी जुंपली आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला बैलांना दटावले. यथावकाश मुलगा झाला. पहारवाले नातू बघायला आले, त्याला मांडीवर घेतले, तो रडायला लागला तशी त्याच्या उघड्या तोंडात डोकावले आणि मोठ्याने म्हणाले, "व्याही, याला तर दात नाहीत! तुमच्यावर गेलाय, कासवच आहे."

टाकीवाल्यांनी बाळाच्या मऊ हिरडीवरून हलकेच बोट फिरवले.

"येतील," ते म्हणाले. "थांबा की जरा."

तात्पर्य: समोर दिसते ते आपल्या माहितीत बसत नसेल, तर त्याला तासू नये, थांबून पाहावे. माहिती वाढवता येते. तासलेले पुन्हा जागेवर येत नाही.