दक्षव्रताने टाकून दिलेले क्षण

कृतयुगाचा उत्तरार्ध चालला होता. पृथ्वी न नांगरता पिकत होती, आणि माणसांना आयुष्य एवढे दीर्घ लाभले होते की ते पुरवून वापरावे हा विचार कोणाच्या मनाला शिवत नसे. त्या काळी पयोष्णीच्या उत्तर तीरावर दक्षव्रत नावाचा महातपस्वी ऋषी राहत असे. कदंब आणि औदुंबर यांच्या गर्द छायेने शीतल, होमधुराने सुगंधित, सामगायनाने निनादणारा आणि हरिणशावकांनी निर्भयपणे दर्भ कुरतडावेत इतका शांत असा त्याचा आश्रम होता. त्या आश्रमात अशांत असा एकच जीव होता, आणि तो म्हणजे स्वतः कुलपती!

वेदांच्या सर्व शाखा एकट्याने संकलित करण्याचा संकल्प त्याने केला होता. त्यासाठी अग्निशाळेच्या दारात जलकुंडावर एक सच्छिद्र घटिकापात्र तरंगत असे. ते भरून बुडाले की शिष्याने थाळीवर टोला द्यायचा आणि टोला पडला की हातातले काम सोडून गुरुजींनी पुढच्या कामाला लागायचे. स्नान, समिधा, अध्ययन, अध्यापन, सगळे त्या पात्राच्या आज्ञेत चाले.

एका ठिकाणी मात्र ही व्यवस्था अडत असे. सायंकाळचा होम आटोपला की पतिपत्नींनी पर्णकुटीबाहेर शिलेवर बसावे, हाताने काही करू नये, आणि पहिली चांदणी दिसल्यावरच उठावे, असा त्या कुळाचा आचार होता. ऋषिपत्नी शुचिस्मिता दिवसभर त्या वेळेची वाट पाही. दक्षव्रत मात्र काट्यांवर बसल्यासारखा बसे, आणि आभाळ भरून आले की त्याचा जीव कासावीस होई.

"नाथ, आकाशाला असे दटावता कशाला?" ती हसून म्हणे. "चांदण्या काही आपल्या शिष्या नव्हेत."

"भद्रे, या बसण्यातून निष्पन्न काय होते ते तरी सांग."

"काहीच नाही. म्हणून तर बसायचे."

ऋषी व्यथित झाला. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायलाही तपश्चर्या लागते, आणि ती त्याने यथासांग केली. वायुभक्षण करून, एका पायावर उभे राहून त्याने भगवान काळाला आवाहन केले. आणि ज्याच्या जटांत सहाही ऋतू गुंतलेले आहेत, ज्याच्या एका नेत्रात उदय आणि दुसऱ्यात अस्त वसतो, तो सर्वभक्षक देव समोर उभा राहिला.

"भगवन्," दक्षव्रत म्हणाला, "ज्या क्षणांत माझ्या हातून कार्य घडत नाही त्यांचे ओझे मला सोसवत नाही. ते आपण घेऊन जा. मला केवळ कर्माचे क्षण भोगू द्या."

"मुने, नीट विचार कर. मी नेलेल्या क्षणांतही तुझा देह बसेल, बोलेल, हसेल. पण त्यातले तुला काही कळणार नाही, आठवणारही नाही. आणि निष्फळ क्षण कोणता, हे ठरवायचे कोणी?"

"मी ठरवले आहे. बसणे, वाट पाहणे, हसणे, रडणे. ज्यात कर्म नाही ते सर्व."

"तथास्तु!" काळ म्हणाला. देव इतक्या लवकर तथास्तु का म्हणतात, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही.

वर फळला. सायंहोमाची शेवटची आहुती दिली की दुसऱ्याच निमिषाला दक्षव्रत भूर्जपत्रांपुढे बसलेला असे. शिला नाही, वाट पाहणे नाही. शाखांमागून शाखा संकलित होऊ लागल्या, देवगण त्याची स्तुती गाऊ लागले, आणि तो कृतार्थ झाला. आपल्या हातातून काय निसटते आहे हे कळायला आधी ते हातात असावे लागते.

मग शुचिस्मितेला क्षयाने ग्रासले. एके सकाळी तो समिधा रचत असता ती क्षीण स्वरात म्हणाली, "नाथ, काल सायंकाळी आपण किती हसलात! आपल्या विवाहातली ती फजिती मीही विसरले होते."

दक्षव्रताला काल सायंकाळ नव्हतीच. कुठली फजिती, हेही त्याला आठवेना. प्रथमच त्याच्या काळजात चर्र झाले. तिच्याजवळ बसायचा त्याने निश्चय केला. पण बसला की पुढच्याच निमिषाला तो नदीवर कमंडलू भरत असे, आणि मधला सारा वेळ गेलेला असे. अखेर त्याने युक्ती काढली. तिच्या उशाशी बसून तो दर्भाची दोरी वळू लागला. हात चालत असेपर्यंत क्षण त्याचे राहत. पण दृष्टी दोरीवरच ठेवावी लागे. तिच्या मुखाकडे पाहिले की पीळ सुटे, आणि पिळाबरोबर क्षणही. महिनाभर तो पत्नीजवळ असा खाली मान घालून राहिला.

शेवटी ती म्हणाली, "नाथ, ती दोरी आता ठेवा. माझा हात धरा. मला एक सांगायचे आहे."

दोरी ठेवली तर ते शब्द आपल्याला कधीच कळणार नाहीत, हे तो जाणत होता. न ठेवावी, तर तिला हात मिळणार नव्हता. त्याने दोरी ठेवली.

तो भानावर आला तेव्हा हातात अग्नी होता आणि समोर चिता रचलेली होती.

रडणे हे कर्म नव्हे. त्याने रडायला तोंड उघडले की तो पिंड वळत असे, तर्पण करत असे. शोकसुद्धा त्याच्या वाट्याला आला नाही. मग त्याने पुन्हा तप करून काळाला बोलावले.

"वर परत घ्या," तो आक्रंदला. "ते जमत नसेल तर निदान ती काय म्हणाली एवढे सांगा."

"दिलेला वर परत घेता येत नाही. आणि मी क्षण गिळतो मुने, ऐकत नाही. पण दुःख करू नकोस. तिचे सांगून होईपर्यंत मी तुझ्या दारात उभा होतो. मरणाऱ्या प्रत्येकाच्या दारात मी असाच थांबतो. तिने सगळे सांगितले, आणि तिच्या मुखावर समाधान होते."

हे सांत्वन होते. पण दक्षव्रत क्रोधाने पेटला. सर्वांना जे मिळते ते आपल्यालाच नाही!

"माझी पत्नी गेली ती वेळ मला मिळाली नाही," तो गर्जला, "तर ती कोणालाही मिळू नये! आजपासून तू कोणाच्याही दारात थांबणार नाहीस!"

शाप देणे हे कर्म होते, म्हणून तो क्षण त्याला पुरेपूर भोगता आला. काळाच्या दोन्ही नेत्रांत पाणी आले. "मूढा, मला पाय आहेत, मी चालेन. हा शाप लागला तो मरणाऱ्यांना आणि त्यांच्या आप्तांना." हे ऐकून दक्षव्रत पश्चात्तापाने कोसळला; पण पश्चात्तापाचे क्षणही काळाचेच होते. दुसऱ्या निमिषाला तो अरण्यात समिधा तोडत होता, आणि आपला शाप कोणाला लागला हे त्याला ठाऊक नव्हते.

आपल्याला मात्र ठाऊक आहे. तेव्हापासून आसन्नमरण माणसाच्या उशाशी बसून कोणी कितीही विनवले, तरी काळ उंबऱ्यापाशी पाऊल अडवत नाही. दूरचा मुलगा वाटेतच असतो, ओठ हललेले दिसतात, आणि सांगायचे ते अर्ध्यावर राहते.