नूपुरेचा शाप

पूर्वी त्रेतायुगात, सह्यपर्वताच्या उतारावर, जांभूळ-अर्जुनांच्या गर्द छायेत शतवल्क नावाच्या तपोनिष्ठ कविऋषीचा आश्रम होता. निर्दोष छंदात स्तोत्र रचावे आणि त्या स्तोत्राच्या बळावर जलाधिपती वरुणाला प्रत्यक्ष समोर उभे करावे, हा एकच ध्यास त्याने घेतला होता. परंतु आश्रमाला बिलगून नूपुरा नदी अहोरात्र खळाळत वाही आणि चरण जुळत आला, की नेमका तिचा नाद त्याच्या मात्रांत घुसून सारा छंद विसकटून टाकी. जटा पिकल्या, स्तोत्र पुरे होईना, देव येईना.

एके प्रभाती अखेरचा चरण ओठांवर येऊन निसटला. मुनीच्या क्रोधाला पारावार उरला नाही. ओंजळीत जल घेऊन तो गरजला, "हे वाचाळ नदी, या क्षणी मूक हो! भूमीत लुप्त हो!"

पाहता पाहता नूपुरा भूमीत शिरली. घागर घेऊन आलेली ऋषिपत्नी अर्चिष्मती नदीचे रिते पात्र पाहून थिजली.

"स्वामी, हे काय करून बसलात? आश्रमातल्या पाडसांना आता काय पाजू? मिळाली ना शांतता? म्हणा आता स्तोत्र!"

तो म्हणू लागला. एकही मात्रा चुकली नाही, आणि एकाही शब्दात जीव नव्हता. पुन्हा म्हटले, पुन्हा तेच. तेवढ्यात पात्रातल्या चिखलात तडफडणारे मासे त्याला दिसले. तो धावत खाली उतरला, एकेक मासा कमंडलूत घालू लागला आणि छंद-मात्रा विसरून रडत बोलू लागला:

"माये, तू बोलत होतीस, मीच ऐकत नव्हतो.
तुझ्या पाण्याने ओला झालेला ओठ तुलाच शापून बसला."

तोच समोर मेघश्याम वरुण उभा राहिला. "मुने, तुझ्या दारावरून रोज मीच बोलत जात होतो."

"भगवन्, माझा शाप मोडा!"

"ऋषीचे वचन मलाही मोडता येत नाही. ती भूमीखालून वाहील, पायथ्याशी प्रकटेल. तुला काय हवे?"

"तिचे बोलणे ऐकू येऊ द्या."

"कान लाव," एवढे बोलून देव अंतर्धान पावला.

त्यानंतर शतवल्काने स्तोत्र रचले नाही. तो खडकाला कान लावून बसे. कधी ऐकू येई, कधी दिवसच्या दिवस काहीच नाही. ऐकू आले, की त्याचे मन निवे आणि एखादी ओबडधोबड ओळ तो पत्नीला म्हणून दाखवी. नूपुरा आजही पायथ्याशीच प्रकटते, आणि तेथे पाणी भरायला आलेला प्रत्येक जण घागर बुडवण्याआधी क्षणभर बोलणे थांबवतो.