घारकड्याची काठी

“मग बाबा, आता तरी काठी देताय ना?”

श्रीरंग टिपणीसने हे विचारलं तेव्हा धावजीबाबा त्याचा कागद वाचत होते. कागद कसला, अख्खा ओटा झाकेल एवढा नकाशा होता तो!

घारकड्याच्या पायथ्याची वाडी गाठायची तर डांबरी रस्ता सोडून दोन तास चढावं लागतं. डोंगर त्याच्याही पुढे, आणि वर जायची वाट नाळेतून, म्हणजे दोन कड्यांमधल्या उभ्या घळीतून. त्या वाडीत धावजीबाबा भांगरे राहतात. वय विचारलं तर “मोजलं नाय” म्हणतात.

घारकड्यावर माणसं न्यायची, तर नेणाऱ्याच्या हातात बाबांची चिव्याची, म्हणजे बारीक भरीव बांबूची, काठी हवी. हा तिथला रिवाज. काठी नसेल तर वाडीतली माणसं चहा देतील, पाणी देतील, पण सोबत एकही जण येणार नाही. आणि बाबांनी काठी देऊन पाठवलेलं एकही माणूस आजवर डोंगरात राहिलेलं नाही. हे ताठ मानेनेच सांगायला हवं.

श्रीरंग ठाण्याचा इंजिनिअर. एकशे बेचाळीस किल्ले पायाखाली घातलेला. गेली अकरा वर्षं तो बाबांच्या, नाहीतर त्यांची काठी घेतलेल्या कुणाच्या तरी मागून चालत होता. आता त्याला पुढे चालायचं होतं. रविवारी अकरा जण येणार होते आणि या वेळी काठी माझ्याच हातात असेल, असं तो त्यांना सांगून बसला होता.

“अक्षर झ्याक हाय,” बाबा म्हणाले.

श्रीरंगची छाती फुगली.

“नाळेत दगड सुटले तर?”

“डाव्या अंगाच्या कपारीत थांबायचं, बाबा. खूण केलीय बघा, लाल शाईने.”

“धुकं आलं तर?”

“होकायंत्र आहे. मोबाइलमध्ये सगळी वाट भरून ठेवलीय. शिवाय पन्नास पावलांवर एकेक खूण.”

“पाणी?”

“माणशी चार लिटर. दुसऱ्या पठारावरच्या टाक्यात अजून आहे. परवाच हात घालून बघितलं.”

बाबांनी मान डोलावली. खरंच, नाव ठेवायला जागा नव्हती. नकाशाच्या कडेला अकरा जणांची नावं, पुढे वय, त्याच्यापुढे दुखणं. पाटणकरकाकूंना दमा, औषध बॅगेच्या वरच्या कप्प्यात. इनामदारांना उंचीचं भय, त्यांना मधे ठेवायचं. कोण कुणाच्या मागे, तेही ठरलेलं.

“ह्या बाई दमल्या तर?”

“दोघं त्यांच्यासोबत थांबतील. नावं लिहिलीत.”

“आन् तू दमलास तर?”

“मी?”

श्रीरंग हसला. असलं काही त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“मी दमत नाही, बाबा.”

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

“दसऱ्याला आला व्हतास. तवा बी काठी मागितली. मी काय म्हनलो व्हतो?”

“वाट बघ म्हणालात.”

“मंग?”

“मग काय! बघितली की. चार वेळा बघून आलो. एकट्याने. नाळेतला दगड न् दगड पाठ झालाय. हा सगळा नकाशा त्यातूनच तर झाला.”

बाबा आ वासून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून असं काही हसू आलं की खोकल्याची उबळच आली. आतून त्यांच्या पत्नी ठकुआजी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या.

“अगं, ऐकलंस का! ह्याला म्हनलं वाट बघ, तर ह्यो डोंगरात जाऊन वाट बघून आला!”

“अगं बाई!” आजींनी पदर तोंडाला लावला. “पोरा, वाट बघ म्हंजी थांब रं! जरा दमानं घे!”

श्रीरंगचे कान तापले. जन्मापासून मराठी बोलणारा माणूस तो! पण खरं सांगायचं तर ‘थांब’ असं आपल्याला कुणी म्हणेल, हे त्याच्या मनालाच शिवलं नव्हतं.

“असू दे,” तो जरा चिडूनच म्हणाला. “चुकून का होईना, बघितली ना? बाबा, राग मानू नका, पण नाळेची वाट आज माझ्याइतकी कुणालाच माहीत नाही. तुम्हालासुद्धा नाही.”

आजींचं हसू थांबलं.

“खरं हाय,” बाबा म्हणाले. “मी तीन वर्सं झाली, नाळेत गेलो नाय.”

वाद घालायला सरसावलेल्या माणसाला समोरच्याने चटकन हो म्हटलं, की कसं होतं? श्रीरंगचं तसंच झालं.

“नीट बस की,” बाबा म्हणाले. “मांडी घाल.”

आला तेव्हापासून श्रीरंग ओट्याच्या कडेवर टेकला होता. उजवा पाय सरळ पुढे सोडलेला.

“बरं आहे असंच.”

“अकरा वर्सं माझ्या ओट्यावर मांडी घालून जेवलास. घाल.”

श्रीरंगने पाय उचलला. गुडघ्यात वाकवायला गेला आणि ओठ आवळले. पाय अर्ध्यावरच राहिला.

“कवा झालं?”

“चौथ्या वेळी. नाळेत घसरलो थोडा… काही विशेष नाही. पट्टा बांधला की चढतो आरामात.”

“चढतोस. आन् उतरताना?”

श्रीरंगने समोर बघितलं. घारकडा दुपारच्या उन्हात लख्ख उभा होता. पाहता पाहता ऊर भरून यावा असा.

“उतरताना…” तो म्हणाला, “दोनदा बसलो. शेवटचा टप्पा हातावर उतरलो.”

“घरी ठाऊक हाय?”

“नाही.”

“ह्या अकरा जणान्ला?”

“नाही.”

बाबांनी नकाशा श्रीरंगकडे सरकवला आणि त्याच्या खिशातला पेन काढून वर ठेवला.

श्रीरंग त्या अकरा नावांकडे बघत राहिला. ज्यांच्यापुढे बढाई मारली, त्यांनाच फोन करायचे, आणि सांगायचं काय, तर माझाच गुडघा गेलाय! मेल्याहून मेल्यासारखं होणार होतं. आणि नाही सांगितलं तर? नाळेत त्याचाच पाय गेला, तर पाटणकरकाकूंसोबत थांबणारे दोघं त्याला उचलणार, की काकूंना सांभाळणार? इतक्या बारकाईने केलेला बेत, आणि हे कुठेच नव्हतं.

आजी आत जाऊन चहा टाकून आल्या.

शेवटी त्याने पेन उचलला. अकराव्या नावाखाली लिहिलं: बारा. श्रीरंग टिपणीस, वय एकोणचाळीस, उजवा गुडघा. मग वरच्या रविवारच्या तारखेवर आडवी रेघ मारली. एकच, पण कागद फाटेल इतकी दाबून.

“फोन लागतो का इथून?”

“गोठ्यामागच्या खडकावर लागतो.”

तो लंगडत गेला. आता लपवायचं कुणापासून? अकरा फोन झाले. पहिल्या फोनला आवाज दबला होता. सातव्या-आठव्यापर्यंत तो गोठ्यापलीकडून ओट्यावर ऐकू येऊ लागला. “हो, माझाच गुडघा. नाही, मी नेणार नाही. नाही म्हणजे नाही, काकू!” ओट्यावर बाबांनी कान टवकारले, मिशीवरून हात फिरवला आणि आजींकडे असं पाहिलं, की जणू हा पोरगा त्यांनीच जन्माला घातलाय.

श्रीरंग परत आला. चेहरा उतरलेला, पण मान ताठ. चहा उभ्यानेच प्यायला. नकाशाची घडी घातली, पिशवी खांद्याला लावली.

“येतो, बाबा. काठीचं राहू द्या आता. पुन्हा मागणार नाही.”

बाबा उठले. दाराआडची काठी घेऊन आले. वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत झालेली, तांबूस. त्यांनी ती श्रीरंगच्या हातात दिली आणि त्याची बोटं वरून घट्ट मिटवली.

“बाबा, अहो, पण मी तर जात नाहीये वर…”

“माघारी फिरलास, म्हनून तर,” बाबा म्हणाले. “चढाया मी कवाच कुनाला काठी दिली नाय.”