नेमाण्णानं गिरणी विकली

कृष्णाकाठच्या एका गावात नेमाण्णा नावाचा एक भोळा गिरणीवाला राहत होता. बावीस वर्षं त्यानं गावाचं दळण दळलं, पण जीव सगळा बुलबुलतरंगात. जत्रेतून हौसेनं आणलेलं ते वाद्य शिकवायला शेजारच्या गावचे एक मास्तर तयार होते, पण फक्त दिवसा. आणि दिवसा तर गिरणी. शेवटी नेमाण्णानं ठरवलं, गिरणी विकायची आणि दिवसभर वाजवत बसायचं.

सोमवारी कल्लाप्पा गिरणी बघायला आला.

"काय नेमाण्णा, गिरणी कशी हाय?"

विचारलं तसं नेमाण्णानं सांगितलं. "पट्टा दिवसातनं दोनदा निसटतो. मोटर तापली की वास मारती. उंदीर सात हायेत. त्यातला थोरला चावतो."

कल्लाप्पानं धोतर गुडघ्यापर्यंत उचललं आणि घरचा रस्ता धरला.

नेमाण्णाची बायको सुभद्रा कपाळावर हात मारून म्हणाली, "अवो, विकायच्या वस्तूच्या खोडी कुणी सांगतं का? तोंड भरून कौतुक करावं. सोडवत नाही म्हणावं."

"बरं," नेमाण्णा म्हणाला.

मंगळवारी दुसरं गिऱ्हाईक आलं. नेमाण्णानं कौतुक सुरू केलं. असा दगड नाही, अशी मोटर नाही, असं पीठ अख्ख्या तालुक्यात नाही. बोलता बोलता त्यालाच ते सगळं खरं वाटू लागलं. मोटरीला मिठी मारून तो रडू लागला. "नाही हो, सोडवत नाही! जीव गेला तरी सोडवत नाही!"

"मग ऱ्हाऊ दे की तुमच्याकडंच," म्हणत गिऱ्हाईक उठलं आणि चालतं झालं.

"गिऱ्हाईक उठायला लागलं की हात धरून बसवावं," सुभद्रा म्हणाली. "चहा पाजावा. काही झालं तरी जाऊ देऊ नये."

"बरं."

बुधवारी ताराक्का जोंधळे घेऊन आली. दळण झालं. डबा उचलून म्हातारी निघाली, तसा नेमाण्णानं तिचा हात धरला.

"बसा ताराक्का. चहा घ्या."

"आरं, चुलीवर आमटी ठेवून आलीय मी!"

"काही झालं तरी जाऊ देणार नाही."

ताराक्काला तीन कप चहा प्यावा लागला. चौथ्याला तिची सून धावत आली. आमटी करपली होती, पातेल्याचं बूड गेलं होतं. सुनेनं नेमाण्णाचा असा उद्धार केला, की रांगेतल्या बायका आपापले डबे विसरून ऐकत राहिल्या.

त्या संध्याकाळी सुभद्रा दमून गेली होती. तिनं शांतपणे समजावलं. "हे बघा. दळणाला बाई आली की काय करता? बारीक म्हणाली तर बारीक, भरड म्हणाली तर भरड. कशाला म्हणून विचारता का?"

"छे! मागतील तसं द्यायचं."

"मग गिरणी घेणाऱ्याशीही तसंच वागा. मागेल ते द्या. फाटे फोडू नका."

हे मात्र नेमाण्णाला चटकन समजलं. बावीस वर्षं तो हेच तर करत आला होता.

गुरुवारी सुभद्रा नदीवरून धुणं घेऊन आली, तर नेमाण्णा दारात हसत उभा.

"विकली! बाबगोंडानं घेतली!"

"देव पावला! काय काय मागितलं त्यानं?"

"काटा मागितला, दिला. चाळण्या मागितल्या, दिल्या. मग म्हणाला, मला दळता येत नाही, चालवायला माणूस पायजे. दिला."

"कोण माणूस?"

"मी."

सुभद्रानं धुण्याची बादली खाली ठेवली. "आणि ते वाजवायला शिकायचं, त्याला वेळ?"

"तोही मागितला. सकाळी सहा ते रात्री आठ. आपली मंगळवारची सुट्टी होती ना, तीसुद्धा मागितली. मी एक फाटा फोडला नाही!"

सुभद्रा मटकन उंबऱ्यावर बसली. नेमाण्णाला वाटलं, आनंदानं बसली.

"आता बसू नकोस," तो म्हणाला. "पीठ चाळायला एक बाई पायजे म्हणत होता. तीही दिली. उद्या सहाला दोघांनी जायचंय."