पिंजूचं दूध आणि लाल डोळ्याचा गिझर

लांब, लांब, खूप लांब. तिथे बर्फच बर्फ. तिथे एक पांढरं अस्वल होतं. त्याचं एक छोटंसं पिल्लू होतं. अगदी पिंजलेल्या कापसासारखं! म्हणून त्याचं नाव पिंजू.

पिंजूला लागली भूक. पिंजू आईच्या कुशीत शिरलं. चुटुक चुटुक... अगं बाई! दूधच नाही!

"आई गं आई, दूध दे ना!"

आई म्हणाली, "कुठून देऊ, राजा? मला सील मिळाला, तर मी खाईन. मी खाल्लं, तर दूध येईल." आणि आई डोळे मिटून पडून राहिली. बिचारी फार थकली होती.

पिंजू निघालं. लुटुलुटु, लुटुलुटु. पाण्यात दिसली सीलमावशी. गोल डोळे, लांब मिशा.

"सीलमावशी, सीलमावशी, वर ये ना!
आईला दूध येईना,
माझं पोट भरेना!"

"वा रे वा!" मावशी म्हणाली. "मी वर येऊ, आणि तुझी आई मला गट्टम करणार! शहाणंच आहेस! आणि वर येऊ तरी कुठे? माझं बाळ बर्फाच्या घरात झोपतं. त्या घराचं छप्पर गळलं, टप टप टप. बाळ भिजलं. बर्फ वितळायचा थांबला, तर मी वर येईन."

पिंजू निघालं. लुटुलुटु, लुटुलुटु. एक बर्फाचा तुकडा तरंगत होता. पापडाएवढा पातळ.

"बर्फदादा, बर्फदादा, थांब ना!
सील वर येईना,
आईला दूध येईना,
माझं पोट भरेना!"

"थांबू कसा? खालून चटके बसतात. समुद्र निवला, तर मी थांबेन." टप! अर्धा तुकडा गेलासुद्धा.

पिंजू निघालं. लुटुलुटु, लुटुलुटु.

"समुद्रकाका, समुद्रकाका, गार व्हा ना!
बर्फ थांबेना,
सील वर येईना,
आईला दूध येईना,
माझं पोट भरेना!"

"खळळ् खळळ्! मी काय करू, बाळा? वारा गरम गरम फुंकतो. वारा गार झाला, तर मी निवेन."

पिंजू निघालं. लुटु... लुटु. पाय दुखायला लागले हो त्याचे.

"वारेदादा, वारेदादा, गार हो ना!
समुद्र निवेना,
बर्फ थांबेना,
सील वर येईना,
आईला दूध येईना,
माझं पोट भरेना!"

"खॉक् खॉक्! अरे, माझ्या अंगावर धुराची गोधडी आहे. एवढी जाड! ते धुराडं रोज नवी घालतं. धुराडं थांबलं, तर मी गार होईन. चल, बस माझ्या पाठीवर. तूच सांग त्याला."

सूंऽऽऽ! पिंजू उडालं. समुद्र गेला, डोंगर गेले, आणि आलं उंचच उंच धुराडं. भक भक भक!

"धुराडेबुवा, धुराडेबुवा, थांबा ना!
वारा गार होईना,
समुद्र निवेना,
बर्फ थांबेना,
सील वर येईना,
आईला दूध येईना,
माझं पोट भरेना!"

"भक भक! मला कुठली सुट्टी! इथे कोळसा जळतो, वीज होते. गावात शालू नावाची मुलगी आहे. तिच्या घरी गिझर चालू आहे ना? त्याला वीज लागते. गिझर थांबला, तर मी थांबेन."

पिंजू निघालं. लु...टु, लु...टु. शालूच्या न्हाणीघरात गिझर होता. पांढरा, ढेरपोट्या, एक लाल डोळा.

"गिझरराव, गिझरराव, थांबा ना!
धुराडं थांबेना,
वारा गार होईना,
समुद्र निवेना,
बर्फ थांबेना,
सील वर येईना,
आईला दूध येईना,
माझं पोट भरेना!"

"गुरगुर गुरगुर! शालूच्या आईची अंघोळ झाली. शालूची झाली. बाबांची झाली. तरी मी आपला तापतोय! कुणासाठी? कुण्णासाठी नाही! पण मला हात कुठे आहेत? बटण कुणी दाबलं, तर मी थांबेन."

दारात उभी होती शालू. तीन वर्षांची. पिंजू तिच्या पायाशी मटकन बसलं.

"शालूताई, शालूताई, बटण दाब ना!
गिझर थांबेना,
धुराडं थांबेना,
वारा गार होईना,
समुद्र निवेना,
बर्फ थांबेना,
सील वर येईना,
आईला दूध येईना,
माझं... माझं पोट भरेना!"

शालूला रडूच आलं. तिने हात वर केला. बटण उंच! तिने उडी मारली. टुण्! तरी बटण उंच!

"बाबाऽऽऽ! गिझर!"

बाबा धावत आले. "अरेच्चा! आजही विसरलो!" रोज विसरतात हो! त्यांनी शालूला उचललं. शालूने बटण दाबलं.

टक्!

लाल डोळा मिटला. पण धुराडं म्हणालं, "एका गिझरने काय होतंय? भक भक!"

असं काय! शालू गेली गॅलरीत. "शेजारच्या काकूऽऽ! गिझर!"

"अगंबाई!" टक्!

"वरचे आजोबाऽऽ! गिझर!"

"हात्तिच्या!" टक्!

समोरच्या घरात टक्! गल्लीत टक् टक्! गावात टक् टक् टक् टक्!

भक... भक... फुस्स!

मग काय! गिझर थांबले, धुराडं थांबलं. धुराडं थांबलं, वाऱ्याची गोधडी निघाली. वारा गार झाला, समुद्र निवला. समुद्र निवला, बर्फ थांबला. एका दिवसात नाही हं! हळू... हळू... हळू.

बर्फावर पडलं भुरुभुरु हिम. सीलमावशीच्या घराला नवं छप्पर झालं. बाळ आत, कोरडं कोरडं. मावशीही आत. बाहेर मोठे मोठे सील लोळत होते.

पिंजूची आई उठली. दबकत दबकत गेली. पहिला सील सुळ्ळकन निसटला. दुसरा सुळ्ळकन निसटला. तिसरा? तिसऱ्याचं विचारू नका.

आईने खाल्लं. आईला दूध आलं.

सूंऽऽऽ! वाऱ्याने पिंजूला घरी आणलं. "आलास का रे माझ्या राजा!" आईने त्याला कुशीत घेतलं.

चुटुक चुटुक, चुटुक चुटुक.

पिंजूचं पोट भरलं, थोडं दूध हनुवटीवर उरलं!

आणि आपला गिझर? कुणी बंद केला? पळा, पळा, बघून या!